चेक इंजिन लाइट जाते आणि पुन्हा येते: कोड पुसण्याआधी काय तपासायचं

गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड पुसला की चेक इंजिन लाइट जाते आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा लागते. मग ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, पुढच्या खेपेला कॉइल, त्यानंतर थ्रॉटल बॉडीची सफाई. बिलं वाढत जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. खालची माहिती मुख्यतः भारतातल्या पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे.

लाइट तीन-चार दिवसांनीच का येते हे आधी समजून घ्या. बहुतेक दोष एकदा दिसल्यावर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) लगेच लाइट लावत नाही. पहिल्या फेरीत, म्हणजे इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत, तो दोषाची नोंद 'पेंडिंग' म्हणून ठेवतो. लगेचच्या पुढच्या फेरीत तोच दोष दिसला तरच लाइट लावतो. कोड पुसला की या नोंदी आणि आधीच्या सगळ्या चाचण्यांचे निकाल कोरे होतात. ती चाचणी पुन्हा घ्यायला ईसीयूला योग्य परिस्थिती मिळावी लागते: इंजिन पूर्ण तापलेलं, ठरावीक वेग, ठरावीक लोड. रोजचा प्रवास चार किलोमीटरचा असेल तर ती मिळायला दोन-तीन दिवस जातात. मधल्या दिवसांत गाडी बरी झालेली नसते, फक्त तिची तपासणी झालेली नसते. उलट, सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर लाइट आपोआप विझते, पण कोड मात्र इंजिन सुमारे ४० वेळा थंड होऊन पुन्हा तापेपर्यंत मेमरीत राहतो. म्हणून लाइट आपोआप गेली तरी स्कॅनर लावून बघाच.

बॅटरीची वायर काढून लाइट घालवणं त्याहून वाईट. कोडबरोबर ईसीयूने शिकलेलं आयडलिंग आणि इंधनाचा हिशेबही पुसला जातो, आणि दोष शोधायला लागणारा पुरावाच आपण फेकून देतो.

लाइट लुकलुकत असेल तर

पिकअप, तापमान आणि इंजिनाचा आवाज नेहमीसारखा असेल तर स्थिर पिवळ्या लाइटवर गाडी सावकाश घरी नेता येते. लुकलुकणाऱ्या लाइटचा अर्थ वेगळा आहे. इंजिन इतकं मिसिंग करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन इतक्या वेळा पेटत नाहीये, की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतंय. त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळते. एका कॉइलवर भागलं असतं ते काम कन्व्हर्टरवर जातं, आणि त्यात पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे धातू असल्यामुळे तो कित्येक पटींनी महाग पडतो.

खंबाटकी किंवा वरंध घाट चढताना लाइट लुकलुकते आणि सपाटीला आल्यावर थांबते, हे प्लग किंवा कॉइल कमजोर झाल्याचं ठरलेलं लक्षण. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि थकलेली कॉइल तिथे कमी पडते. ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी कडेला घ्या, इंजिन बंद करा. तसाच घाट चढून जायचा हट्ट करू नका. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर तो चेक इंजिनचा प्रकार नव्हे; तिथे इंजिन त्याच क्षणी बंद.

कोड कसा वाचायचा

भारतात १ एप्रिल २०१३ पासून बनलेल्या बहुतेक गाड्यांत ओबीडी-२ आहे, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोडने सांगायची प्रणाली. स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं. ईएलएम३२७ प्रकारचा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यावर घरचं काम भागतं. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ एलई चालणारा स्कॅनर घ्या, साधा ब्लूटूथवाला जोडला जात नाही.

कोड दिसला की स्क्रीनचा फोटो काढा. पेंडिंग कोडचाही काढा. मग 'फ्रीझ फ्रेम' उघडा. कोड नोंदवला त्या क्षणी इंजिन काय करत होतं ते यात साठवलेलं असतं: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, लोड, इंधनाचे ट्रिम (ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा इंधन किती टक्के जास्त किंवा कमी घालतोय). बहुतेक गॅरेजांत हे पान कुणी उघडतच नाही, आणि निम्मं निदान तिथेच असतं. कूलंट ३५ अंश आणि वेग ० असेल तर दोष सकाळच्या स्टार्टिंगचा आहे. कूलंट ९२, आरपीएम ३२०० आणि लोड ८५ टक्के असेल तर तो चढावरचा आहे. गाडी दारात उभी करून कितीही रेस केलीत तरी तो सापडणार नाही.

कोडचं पहिलं अक्षर विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी ब्रेक-सस्पेन्शन, बी बॉडी, यू म्हणजे कंट्रोल युनिटांमधला संपर्क. दुसऱ्या जागी ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ईसीयूला काय दिसलं एवढंच कोड सांगतो. कोणता पार्ट बदलायचा ते तो सांगत नाही. पी०१३१ म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज कमी दिसलं. सेन्सर खराब असेल, किंवा मिश्रण खरोखरच पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असून सेन्सर खरं तेच सांगत असेल, किंवा वायर घासून बॉडीला लागली असेल.

आणखी एक पायरी कायम पहिली ठेवा: बॅटरी. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. स्टार्ट मारताना बॅटरी फार खाली बसत असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम येतात. यू ने सुरू होणाऱ्या कोडची रांग दिसली तर सेन्सर शोधत बसण्याआधी बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडी अर्थचा बोल्ट साफ करून घट्ट करा.

मिसिंगचे कोड: पी०३०० ते पी०३०४

शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. पी०३०० म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरपुरतं नाही.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत तपासणी सोपी आहे आणि फुकट आहे. इंजिन थंड करा. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावा. कोड पुसा आणि दोष ज्या परिस्थितीत येत होता तशीच गाडी चालवा. आता पी०३०१ आला तर कॉइल खराब. पी०३०३ च राहिला तर प्लगांची अशीच अदलाबदल करून पाहा. तरीही तिथेच राहिला तर इंजेक्टर, त्याचा कपलर (वायरीचा जोड) आणि शेवटी कॉम्प्रेशन. हा क्रम सोडून चारही कॉइल एकदम बदलायला कुणी सांगितलं तर अदलाबदल केली का ते विचारा.

जुन्या गाड्यांत एक कॉइल दोन प्लगांना ठिणगी देते. चार सिलिंडरच्या इंजिनात जोड्या १-४ आणि २-३ अशा असतात. पहिला आणि चौथा एकत्र मिसिंग करत असतील तर आधी त्यांच्या सामाईक कॉइलवर संशय घ्या, मग प्लग वायरींवर.

प्लग काढल्यावर नीट बघा. पांढऱ्या सिरॅमिकवर वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर ठिणगी बाहेरून पळतेय. कॉइलच्या रबरी बूटातही तशीच रेघ सापडते. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदला, कारण जुना बूट नव्या प्लगवर पुन्हा तीच वाट पाडतो. प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळीचं सील गेलंय. ते न बदलता घातलेली नवी कॉइल काही महिन्यांत पुन्हा मरते. लाइट 'पुन्हा' येण्याचं हे एक अगदी खरं कारण आहे.

बसवताना प्लग आधी हाताने पूर्ण फिरवून घ्या, मग पाना लावा. १४ मिलिमीटर आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २० आणि १० मिलिमीटरला १० ते १२ एवढाच जोर. हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम इंजिनात प्लग सोडवला किंवा जास्त आवळला तर आटे जातात. गॅप मॅन्युअलमध्ये दिला असेल तोच ठेवा, आणि इरिडियम प्लगचं टोक गेजने खरवडू नका.

सीएनजीवर ठिणगीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पेट्रोलवर बरी चालणारी गाडी गॅसवर गेल्यावर झटके देते. प्लग पेट्रोलवाल्या गाडीपेक्षा लवकर बदलावे लागतात, हा खर्च गृहीत धराच. खूप किलोमीटर झालेल्या सीएनजी गाडीत प्लग, कॉइल आणि इंजेक्टर तिन्ही चांगले असूनही आयडलिंगला मिसिंग येत असेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट) मोजून घ्या. गॅसवर व्हॉल्व्ह आणि सीट जास्त झिजतात, क्लिअरन्स मिटत जातो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही.

पी०१७१: मिश्रण पातळ

इथे स्कॅनरवरचे दोन आकडे बघायचे: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. दोघांची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर ठीक. ती अधिक २५ च्या आसपास पोचली की बहुतेक गाड्या पी०१७१ देतात. आयडलिंगवर बेरीज जास्त आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्यावर येत असेल तर कुठून तरी हवा आत शिरतेय. उलट आरपीएम आणि लोड वाढेल तशी बेरीज वाढत असेल तर इंधन कमी पडतंय: टाकीतल्या पंपाचा फिल्टर चोंदलाय, पंप थकलाय किंवा इंजेक्टर तुंबलेत. छोट्या पेट्रोल गाड्यांत इंधनाचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो. गेज लावून लोडवर मोजा.

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला हवेचं वजन मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या गाड्यांवर बेतलेला असतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो सेन्सर नसतो. तिथे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. अशा गाडीत पाइप फाटून हवा आत गेली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो, आणि मिश्रण पातळ होण्याऐवजी आयडलिंग चढतं. त्यामुळे मॅप सेन्सरच्या गाडीत पी०१७१ आला आणि आयडलिंग ठीक असेल तर फाटके पाइप शोधण्यात दिवस घालवण्याआधी इंधनाचा दाब बघा. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला गळती आहे का तेही बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला खोटा ऑक्सिजन दिसतो. थंड इंजिन सुरू करताना येणारा टिक-टिक आवाज आणि जोडाभोवतीची काजळी ही तिची खूण.

हवेची गळती शोधायला कार्ब क्लीनर मारण्याची पद्धत सर्रास आहे, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ ती आग लावू शकते. साबणाचं पाणी बाटलीने मारणं किंवा गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घेणं सुरक्षित. पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा इनटेकमध्ये परत नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, एवढंच काय डिपस्टिकची रबर रिंगसुद्धा तपासा.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल विचारणा होत असते. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त घालावं लागतं. ई१० साठी बेतलेल्या गाडीत ई२० भरलं की ट्रिम ४-५ टक्क्यांनी वर सरकतो. निरोगी गाडीत एवढ्याने लाइट लागत नाही. पण पंप किंवा इंजेक्टर आधीच अधिक १८-२० वर तग धरून असेल, तर हेच ४-५ टक्के त्याला कोडच्या रेषेपलीकडे ढकलतात. दोष इंधनाच्या माथी मारून फिल्टर तसाच ठेवू नका.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये गॅसचं ट्यूनिंग चुकलेलं असेल तर ईसीयू गॅसवर चुकीचा ट्रिम शिकतो आणि पेट्रोलवर आल्यावर पी०१७१ किंवा पी०१७२ (मिश्रणात पेट्रोल जास्त) देतो. फक्त पेट्रोलवर काही दिवस चालवून ट्रिम शून्याकडे येत असेल तर सेन्सर बदलू नका; किट बसवणाऱ्याकडे जाऊन लॅपटॉप लावून गॅसचं ट्यूनिंग नीट करून घ्या.

पी०४२० आला म्हणून कन्व्हर्टर बदलू नका

हा कोड सांगतो की कन्व्हर्टरच्या पुढचा आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर जवळजवळ सारखंच वागताहेत. इंजिन पूर्ण तापवा, २५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा आणि आलेख बघा. साध्या प्रकारचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला हवा, आणि मागचा ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचत असेल तरच कन्व्हर्टरवर संशय. त्याआधी एक्झॉस्टची गळती, मिसिंगचे जुने कोड आणि ऑइल किती कमी होतं हे तपासा. ऑइल पिणाऱ्या इंजिनात नवा कन्व्हर्टर घातला तर तोही त्याच वाटेने जातो. आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवणं बेकायदा आहे, आणि ते केल्यावर पी०४२० कायमचा राहतो.

सेन्सरच्या हीटरचे कोड, पी०१३५ आणि पी०१४१, तुलनेने सरळ आहेत. आधी फ्यूज बघा. मग कपलर काढून सेन्सरच्या बाजूला सारख्या रंगाच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. काही ओहम आले तर हीटर शाबूत, मीटर काहीच दाखवत नसेल तर तुटलेला.

पी०१२८ थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचा. रस्त्यावरच्या गॅरेजांत 'गाडी तापू नये' म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आहे, आणि ती इंजिनाचं नुकसान करते. इंजिन कधीच पूर्ण तापत नाही, ईसीयू पेट्रोल जास्त घालत राहतो, ॲव्हरेज पडतं. उन्हाळ्यात हे लपतं; नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी लाइट येते. हायवेवर २० मिनिटं चालवूनही कूलंट ७० अंशांच्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा आत नाहीच.

पाऊस, उंदीर, खारी हवा

कोड कधी येतो, कधी नाही, आणि प्रत्येक वेळी वेगळाच येतो, असं असेल तर सेन्सर सोडा, वायरिंग बघा. पावसाळ्यात उंदीर कोरड्या, उबदार जागेसाठी बॉनेटखाली येतात. गिअरबॉक्सच्या वरचा कोपरा, इंजिन कव्हरच्या खाली आणि बॅटरी ट्रेच्या मागे टॉर्च मारून लेंड्या, कुरतडलेलं फोम, सोललेली वायर शोधा. तुटलेली वायर पिळून वर चिकटपट्टी लावणं महिनाभर टिकतं. सोल्डर करून हीट श्रिंक चढवा, आणि जोड हलत्या भागापासून लांब बांधा.

कोकणपट्टी, गोवा, मुंबईत कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, कपलरच्या आतलं रबर सील जागेवर आहे ना ते पाहा. वॉशिंग सेंटरला इंजिनावर प्रेशरने पाणी मारल्यानंतर दुसऱ्या दिवशी मिसिंग सुरू झालं असेल तर प्लगच्या खोबणीत पाणी आहे. हवेने फुंकून काढा, बहुधा तेवढंच काम असतं.

पेट्रोलचं झाकण घट्ट करा, हा सल्ला अमेरिकेतल्या गाड्यांचा. तिथे टाकीच्या वाफेची गळती गाडी स्वतः तपासते आणि पी०४५५ किंवा पी०४५६ देते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या ही तपासणी करत नाहीत.

डिझेलमध्ये बहुतेक वेळा प्रश्न ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) यांचा असतो. बीएस६ डिझेल फक्त शहरात छोट्या फेऱ्यांत चालवली की डीपीएफ काजळीने भरतो. हायवेवर २०-२५ मिनिटं एकसारख्या वेगाने, खालच्या गिअरमध्ये दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून चालवली की तो बहुधा स्वतः साफ होतो. लाइट लुकलुकू लागली किंवा पॉवर कमी झाली तर मात्र सर्व्हिस सेंटरलाच रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून काढणं) करून घ्या.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

लाइट विझली हा पुरावा नाही. स्कॅनर ॲपमध्ये 'रेडिनेस' नावाचं पान असतं. ईसीयूच्या कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्या ते तिथे दिसतं. कोड पुसल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी थंड स्टार्ट करून दोन-तीन मिनिटं आयडलिंग, मग शहरात थांबत-थांबत काही किलोमीटर, मग हायवेवर ६० ते ८० च्या स्थिर वेगाने पंधरा-वीस मिनिटं, आणि मधूनच ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्या. दोन-तीन दिवस असं केल्यावर सगळ्या चाचण्या पूर्ण दिसल्या, पेंडिंग कोड एकही नसला आणि ट्रिम दहा टक्क्यांच्या आत असले, तर दोष गेला.

जुनी गाडी घेताना हेच पान उपयोगी पडतं. किल्ली ऑन केली की चेक इंजिन लाइट पेटायला हवी आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवी. पेटतच नसेल तर कुणीतरी ती बंद केलीय. आणि लाइट व्यवस्थित विझत असूनही रेडिनेसवर बहुतेक चाचण्या अपूर्ण असतील तर कोड एक-दोन दिवसांतच पुसलाय किंवा बॅटरी काढलीय. कारण विचारा, दोन दिवसांनी पुन्हा स्कॅनर लावायची परवानगी मागा, आणि तोवर पैसे देऊ नका.